मॅस्टोडॉनवरच्या लहान सर्व्हरवर जावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ गेली नऊ वर्षे ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, सह्याद्रीतल्या रानफुलांविषयी मराठीतून लिहितात. सुमारे सहा हजार लोक त्यांना फॉलो करतात. परंतु अलीकडे त्यांच्या पोस्ट त्यातल्या दोनशे जणांपर्यंतही पोहोचत नाहीत, अशी त्यांची खंत आहे. एका मित्राने त्यांना मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच समाजमाध्यमावरच्या, साडेतीनशेच्या आसपास सदस्य असलेल्या एका लहान सर्व्हरवर बोलावले आहे. तिथे जाण्याचे फायदे आणि तोटे कोणते, आणि गेलोच तर जुने खाते बंद करून जावे की ठेवून, असे त्यांनी विचारले आहे.

मी २०१९ पासून मॅस्टोडॉनवर आहे आणि त्यातली चार वर्षे एका लहान सर्व्हरच्या दोन व्यवस्थापकांपैकी एक होतो. व्यवस्थापक हा शब्द भारदस्त वाटतो; प्रत्यक्षात डिस्क भरली की ती रिकामी करणे, आलेल्या तक्रारी वाचणे आणि रात्री अकरा वाजता दोन शहाण्या माणसांचे भांडण सोडवणे, एवढेच ते काम असते. लहान जागेविषयी मला आपुलकी आहे आणि तिचा जाचही मी भोगला आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मॅस्टोडॉन हे एक संकेतस्थळ नाही. जर्मनीत राहणाऱ्या ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेली ती एक मुक्त संगणकप्रणाली आहे. ती कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो, आणि असे हजारो सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या एका सामायिक नियमावलीने परस्परांशी बोलतात. ही नियमावली वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. जीमेलचे खाते असलेला माणूस याहूच्या खात्यावर पत्र पाठवू शकतो, त्याच धर्तीवर एका सर्व्हरवरचा सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरच्या सदस्याला फॉलो करू शकतो आणि उत्तर देऊ शकतो. म्हणजे आपल्या मित्राचा सर्व्हर साडेतीनशे जणांचा असला तरी आपले वाचक तेवढेच असतील असे नाही. घर लहान आहे, गाव मोठे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर फायद्या-तोट्यांचा हिशेब पहिल्यापासूनच चुकतो, कारण काही तोटे घराचे आहेत आणि काही गावाचे.

गावाचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे तिथे आपली माणसे नाहीत. सहा हजारांपैकी किती जण आपल्यामागे येतील? मी माझ्या डोळ्यांसमोर स्थलांतर केलेल्या मराठी खात्यांवरून सांगतो की शंभरातले दोन-तीन आले तरी पुष्कळ म्हणायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यानंतर भारतातून मॅस्टोडॉनकडे पहिली मोठी लाट आली. मीही त्याच लाटेत आलो. पहिल्या आठवड्यात टाइमलाइनवर हिंदी, मराठी, तमिळ, मल्याळम अशी नुसती जत्रा भरली होती, आणि जानेवारी उजाडेपर्यंत माझ्या ओळखीतल्या चाळीसेक जणांपैकी पाच उरले होते. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर विकत घेतल्यावर हेच जगभर आणि मोठ्या प्रमाणावर घडले. मॅस्टोडॉनचे दरमहा सक्रिय सदस्य सुमारे तीन लाखांवरून पाहता पाहता पंचवीस लाखांवर गेले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातला मोठा भाग ओसरला. रागावून आलेली माणसे राग ओसरला की परत जातात. फुलांसाठी आलेला माणूस टिकण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आपले दीडशे वाचक पक्के असतील, असा माझा अंदाज आहे.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येतो. आपण असे गृहीत धरलेले दिसते की यंत्राने केलेली निवड नसेल तर प्रत्येक पोस्ट प्रत्येक वाचकाला दिसेल. तसे होत नाही. मॅस्टोडॉनची मुख्य टाइमलाइन निव्वळ काळाच्या क्रमाने चालते. आपण रात्री साडेदहाला कारवीचा फोटो टाकलात आणि वाचकाने दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले, तर मधल्या शेकडो पोस्टच्या खाली तो फोटो गाडला गेलेला असतो आणि तो वर काढणारे कोणतेही यंत्र तिथे नाही. आवडल्याची खूण केल्याने पोस्ट पुढे जात नाही. कोणी बूस्ट केली, म्हणजे आपल्या खात्यावरून पुढे धाडली, तरच ती त्याच्या वाचकांपर्यंत जाते. एक्सवर यंत्र आपल्याला लपवते असा आपला आरोप असेल, तर इथे कोणी लपवत नाही आणि कोणी उचलूनही धरत नाही. जाहिरात नाही, पैसे देऊन मिळणारी निळी खूण नाही, आणि चिथावणीखोर लिहिणाऱ्याला मिळणारी बक्षिसी नाही. शांत विषयावर लिहिणाऱ्या माणसाला ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते, असा माझा अनुभव आहे.

त्यातच घराच्या लहानपणाची एक तांत्रिक अडचण मिसळते, आणि तिची कल्पना बहुतेकांना कोणी देत नाही. आपल्या सर्व्हरला जगातले सगळे काही दिसत नसते. तिथल्या सदस्यांनी ज्यांना फॉलो केले आहे त्यांच्याच पोस्ट प्रामुख्याने त्याच्याकडे येतात. लाखभर सदस्यांच्या सर्व्हरवर कोणी ना कोणी जवळपास प्रत्येकाला फॉलो करत असतो, त्यामुळे हॅशटॅग उघडला की भरपूर दिसते. साडेतीनशे जणांच्या सर्व्हरवर तोच हॅशटॅग ओसाड भासतो. एखाद्या दूरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे खाते प्रथमच उघडले तर जुन्या पोस्ट दिसत नाहीत, आणि संवादातली काही उत्तरे गायब वाटतात. ही शेवटची त्रुटी २०२५ मध्ये आलेल्या ४.५ या आवृत्तीने बरीच कमी केली आहे, पण त्यासाठी मित्राचा सर्व्हर अद्ययावत हवा. सर्व्हर एखाद्या रिलेला जोडलेला असेल, म्हणजे अनेक लहान सर्व्हरच्या पोस्ट एकत्र करून वाटणाऱ्या मध्यस्थाला, तर ओसाडपणा कमी होतो. मात्र डिस्कही तितक्याच वेगाने भरते. शोधाची तऱ्हा याहून निराळी आहे. सप्टेंबर २०२३ च्या ४.२ या आवृत्तीपासून मजकुरात शोध घेता येतो, पण ज्या सदस्याने आपल्या पोस्ट शोधात दिसण्यास संमती दिली आहे त्याच्याच पोस्ट सापडतात, आणि त्यासाठी सर्व्हरवर एक वेगळी शोधयंत्रणा चालवावी लागते. ती बरीच मेमरी खाते म्हणून लहान सर्व्हरचे चालक ती बहुधा बसवत नाहीत. आम्हीही बसवली नव्हती. आपल्यासारख्या संदर्भ म्हणून उपयोगी पडणाऱ्या लेखनाला हे नुकसान मोठे आहे. ती संमती पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन द्यावी आणि प्रत्येक पोस्टला फुलाच्या नावाचा हॅशटॅग लावावा, कारण हॅशटॅग त्या यंत्रणेवाचूनही सापडतो.

एवढे ऐकून जाऊच नये असे वाटले असेल, तर आता दुसरी बाजू पाहू.

लहान सर्व्हरवर एक स्थानिक टाइमलाइन असते, म्हणजे फक्त त्या घरातल्या सदस्यांचे सार्वजनिक लेखन. मोठ्या सर्व्हरवर तिचा काही उपयोग नसतो. ती स्टेशनवरच्या फलाटासारखी असते. साडेतीनशे जणांत मात्र, रोज लिहिणारे वीस-पंचवीसच असल्यामुळे, महिनाभरात आपल्याला माणसे कळू लागतात. कोण साताऱ्याचे, कोण एडिनबराला शिकते, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला व्याकरणाच्या चुका सहन होत नाहीत. आमच्याकडे एका सदस्याने परसात उगवलेल्या वेलीचा अस्पष्ट फोटो टाकला होता. एक्सवर त्याला कोणी विचारले नसते. इथे एका निवृत्त शिक्षिकेने पानाची मागची बाजू दाखवायला सांगितली, दुसऱ्याने फुलोरा येईपर्यंत थांबा म्हटले, आणि अडीच महिन्यांनी फूल आल्यावर तोच धागा पुन्हा उघडून ओळख पक्की झाली. अडीच महिने चाललेले संभाषण मी दुसऱ्या कोणत्याही समाजमाध्यमावर पाहिलेले नाही.

भाषेच्या दृष्टीनेही जागा सोयीची आहे. एक्सवर विनामूल्य खात्याला २८० चिन्हांची मर्यादा असते आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘मराठी’ हा तीन अक्षरांचा शब्द पाच चिन्हांचा होतो. मॅस्टोडॉनवर मूळ मर्यादाच पाचशेची आहे आणि सर्व्हरचालक ती वाढवूही शकतो. प्रत्येक पोस्टची भाषा नोंदवता येते, आणि वाचकाला एखाद्या व्यक्तीच्या फक्त ठरावीक भाषेतल्या पोस्ट घेता येतात. म्हणजे आपण इंग्रजीतूनही लिहू लागलात तर मराठी वाचकावर ते लादले जात नाही.

चित्रवर्णनाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण आपले लेखन फोटोंवर चालते. मॅस्टोडॉनवर फोटोसोबत त्याचे शब्दांत वर्णन देण्याची रीत फार रुजलेली आहे. त्यासाठी दीड हजार चिन्हांची स्वतंत्र जागा असते, आणि वर्णन नसेल तर अनेक जण फोटो कितीही सुंदर असला तरी बूस्ट करत नाहीत. दृष्टिहीन वाचक पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरून ते ऐकतात. सुरुवातीला मला हा सोवळेपणा वाटला होता. पुढे आमच्या सर्व्हरवरच्या एका दृष्टिहीन सदस्याने लिहिले की मराठीतून वर्णन केलेले फूल आपल्याला प्रथमच ‘कळले’, आणि तेव्हापासून मी वर्णनाशिवाय फोटो टाकलेला नाही. आपल्याकडे तर तेरड्याच्या पाकळीचे वर्णन करायला लागणारे शब्द आधीच आहेत. लहान समुदायात अशा कौशल्याची दखल पहिल्याच आठवड्यात घेतली जाते.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते निर्णय व्हायला हवा, तिकडे वळतो. मोठ्या कंपनीच्या जागेत आपण आणि आपले लेखन यांच्यामध्ये एक अवाढव्य यंत्रणा असते; लहान सर्व्हरवर तिथे एक माणूस असतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, तो नोकरी करून उरलेल्या वेळात हे सांभाळतो, आणि तो आजारी पडतो, कंटाळतो, बदली होऊन जातो. लहान जागेचे जवळपास सगळे फायदे आणि जवळपास सगळे तोटे याच एका गोष्टीतून निघतात.

माझे पहिले खाते ज्या सर्व्हरवर होते तो एका हौशी तरुणाने चालवलेला होता. सर्व्हर उत्तम होता आणि तरुण सज्जन होता. त्याच्या घरी बाळ आले, डिस्क भरली, ई-मेल जाणे बंद झाले, आणि एका सकाळी पान उघडलेच नाही. चौदा महिन्यांचे लेखन गेले. पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर खाते हलवता येते आणि फॉलोअर आपोआप मागे येतात, असे सगळीकडे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. परंतु त्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो, कारण हलवण्याचा निरोप तोच सगळ्यांना धाडतो. सर्व्हर मेला की निरोप धाडणारा उरत नाही. शिवाय हलवल्याने फॉलोअर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. मला दोनशे लोक पुन्हा एकेक करून शोधावे लागले. त्या तरुणावर मी रागावलो नाही. त्याला मी कधी एक रुपयाही दिला नव्हता.

याच्या सार्वजनिक नोंदी असलेल्या कथाही आहेत. मॅस्टोडॉन डॉट लोल या सुमारे बारा हजार सदस्यांच्या सर्व्हरच्या चालकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये, द्वेषपूर्ण संदेशांना आणि भांडणांना कंटाळून, सर्व्हर बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याने तीन महिन्यांची मुदत दिली, म्हणून लोकांना हलता आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ हा सर्व्हर तर चालकाचा काही दोष नसताना गेला: त्याच्या पत्त्याचे शेवटचे दोन वर्ण अफगाणिस्तानचे होते आणि तालिबानच्या सरकारने ते नाव निलंबित केले. गंमत म्हणून घेतलेला पत्ता कोणत्या देशाच्या हाती आहे, हे पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

पण यावरून मोठी जागा चिरंजीव असते असा निष्कर्ष काढू नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्सवरची वर्षानुवर्षांची सामग्री २०१९ च्या अखेरीस पुसली गेली. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये संपले. आपल्याकडे ट्विटरला देशी पर्याय म्हणून केंद्रीय मंत्र्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये जवळ केलेले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झाले. तो पर्याय होता खरा, पण एकाच कंपनीच्या मालकीचा, त्यामुळे कंपनी थांबली तेव्हा सगळ्यांचेच थांबले. याउलट १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली आजही चालू आहे, आणि २००७ मध्ये आलेल्या मिसळपावनेही ऑर्कुट आणि गुगल प्लस यांना मागे टाकले आहे. ही मराठी संस्थळे आकाराने त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हती. ती टिकली, कारण त्यांच्यामागे त्यांची काळजी घेणारी माणसे टिकली. तेव्हा आकारापेक्षा मागे कोण आहे आणि त्याच्या मागे आणखी कोण आहे, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवे असेल तर सर्व्हरला काही बंधने पाळण्याचे वचन द्यावे लागते. वंशद्वेषी, स्त्रीद्वेषी वगैरे लेखनावर सक्रिय नियंत्रण, रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारी किमान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचे झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना, अशी ती बंधने आहेत. ही कायदेशीर हमी नव्हे. तरीही मित्राचा सर्व्हर या चारपैकी किती पाळतो, हे विचारता येईल.

नियमनाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. मोठ्या कंपनीकडे केलेल्या तक्रारीला यंत्राचे छापील उत्तर येते, हा आपला अनुभव असेल. लहान सर्व्हरवर तक्रार अर्ध्या तासात माणसाने वाचलेली असते. पण तो माणूस दोन्ही पक्षांना ओळखत असतो. आमच्याकडे दोन जुन्या सदस्यांमध्ये जातीच्या उल्लेखावरून वाद पेटला. त्यातल्या एकाच्या घरी मी जेवलो होतो. नियम स्पष्ट होता आणि चूक त्याची होती. मी त्याचे खाते महिनाभर स्थगित केले, तेव्हा निम्म्या लोकांनी मला निष्ठुर ठरवले आणि उरलेल्यांनी महिनाच का म्हणून पक्षपाती ठरवले. सहा आठवडे सर्व्हरवर फुलांविषयी कोणी बोलले नाही. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. फरक इतकाच की ही सभा संपत नाही. लहान समुदायात भांडणापासून दूर राहता येते, पण भांडण न पाहता राहता येत नाही.

शिवाय एका घराचा दुसऱ्या घरावर बहिष्कारही असतो. एखाद्या सर्व्हरवरून त्रास होऊ लागला तर दुसरे सर्व्हर त्याच्याशी संबंध तोडतात; २०१९ मध्ये गॅब या अतिउजव्या संकेतस्थळाने मॅस्टोडॉनची प्रणाली वापरायला घेतली, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याला असेच बंद केले आणि ते योग्यच होते. पण हे हत्यार दर वेळी इतक्या स्पष्ट कारणासाठी उपसले जात नाही. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरच्या असंतोषातून अनेक जण लेमी या तशाच जाळ्यावर आले, तेव्हा बीहॉ नावाच्या जपून चालवलेल्या समुदायाने दोन मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. तिथले सगळे वाईट होते म्हणून नव्हे, तर आलेला लोंढा आवरायला बीहॉकडे माणसे पुरेशी नव्हती म्हणून. अशा वेळी संबंध तुटलेल्या घरातला निरपराध सदस्यही वाळीत पडतो, आणि त्याला ते बहुधा कळतही नाही. कालपर्यंत उत्तर देणारा मित्र गप्प का झाला, एवढेच त्याला दिसते. आपल्या मित्राच्या सर्व्हरने कोणाला बंद केले आहे याची यादी पुष्कळदा त्याच्या माहितीच्या पानावर असते. मेटाचे थ्रेड्सही याच नियमावलीने मॅस्टोडॉनशी बोलू शकते; त्याला त्यांनी बंद केले आहे का, तेही पाहावे, कारण आपले नातेवाईक तिथे असतील तर ते आपल्याला वाचू शकणार नाहीत.

खासगीपणाबाबत मी अधिक कडक आहे. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात; सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये हात असलेला माणूस ते वाचू शकतो. आम्ही कधी वाचले नाहीत, पण वाचू शकत होतो, आणि हे सदस्यांना सांगणे हे आमचे कर्तव्य आहे असे मी मानत आलो. मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरी एफबीआयने वेगळ्याच कारणासाठी झडती घेतली आणि जप्त केलेल्या वस्तूंत त्या सर्व्हरच्या डेटाबेसची कूटबद्ध न केलेली प्रतही गेली. चालकावर विश्वास असणे पुरेसे नाही, त्याच्या घरातल्या हार्ड डिस्कवरही विश्वास असावा लागतो. दुर्मीळ आमरी नेमकी कुठे फुलली आहे, हे आपण कोणाला खासगीत कळवत असाल तर ते इथे कळवू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती आपली नव्हे, मित्राची डोकेदुखी आहे. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर जादा बंधने आहेत, पण तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि ठरावीक मुदतीत तक्रार निकाली काढणे यांसारखी मूलभूत कर्तव्ये लहान मध्यस्थांनाही, म्हणजे इतरांचे लेखन आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्यांनाही, लागू आहेत. साडेतीनशे जणांचा सर्व्हर हौसेने चालवणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसते. ठाऊक असलेला चालक भेटला तर तो गंभीर आहे असे समजावे.

काही जणांना मी सरळ जाऊ नका असे सांगतो. ज्यांचा धंदा समाजमाध्यमावरच्या ग्राहकांवर चालतो, ज्यांना रेल्वेकडे, महापालिकेकडे किंवा पोलिसांकडे जाहीर तक्रार करून काम करून घ्यावे लागते, त्यांनी एक्स सोडण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडची सरकारी खाती तिथेच उत्तरे देतात. आपण यातले नाही. तरीही जुने खाते बंद करू नये, असे मी सुचवेन. ते बंद केले की काही काळाने ते कायमचे जाते आणि नऊ वर्षांचे दुवे तुटतात. तिथे नवा पत्ता वर टाचून ठेवावा. मात्र एका ठिकाणचे दुसरीकडे आपोआप उमटवणारी साधने वापरू नयेत. लहान समुदायाला असा माणूस लगेच ओळखू येतो, जो दारात पत्रक टाकून जातो आणि हाक मारली तर मागे वळून पाहत नाही.

लिहिण्याइतकेच, किंबहुना अधिक, इतरांना उत्तर द्यावे लागेल. ऑनलाइन समूहांत शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहितो, हा संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ठोकताळा आहे. तो साडेतीनशे जणांना लावला तर सतत लिहिणारे तीन-चार उरतात. आमच्याकडे त्याहून अधिक होते, पण फार अधिक नव्हते. आपण त्यातले एक झालात तर जागा जिवंत राहील, आणि आपण थकलात तर लगेच जाणवेल. वाचक म्हणून येणाऱ्याला लहान समुदाय फार काळ पोसत नाही. पैशाचेही तसेच आहे. आमच्या सर्व्हरचा महिन्याचा खर्च अडीच ते तीन हजार रुपये होता, त्यातला मोठा वाटा इतर सर्व्हरांवरून येऊन साठणाऱ्या चित्रांचा. सदस्यांपैकी अकरा जण नियमित वर्गणी देत होते, बाकीच्यांना सर्व्हर फुकट चालतो असे वाटत होते. मित्राला पहिल्याच महिन्यात शंभर-दोनशे रुपये द्यावेत. तो नको म्हणेल, तरी द्यावेत.

आणि खाते उघडल्यावर दर आठवड्याला आपण फॉलो करत असलेल्यांची यादी सेटिंगमधून उतरवून घ्यावी. लेखनाची संपूर्ण प्रतही सात दिवसांतून एकदा मागता येते. ती नव्या सर्व्हरवर चढवता येत नाही, पण आपल्या संगणकावर राहते. मी ही सवय चौदा महिन्यांचे लेखन गमावल्यानंतर लावून घेतली.

आता निर्णय. मित्राला फोन करून एकच प्रश्न विचारावा: तुम्ही दोन महिने अंथरुणाला खिळलात तर सर्व्हर कोण पाहील? त्याने दुसऱ्या कोणाचे नाव घेतले, आणि त्या माणसाकडे पासवर्ड खरोखर आहेत असे सांगितले, तर याच रविवारी खाते उघडावे. त्याने बॅकअप आहे, काळजी करू नका, असे काहीसे म्हणून विषय बदलला, तर काही हजार सदस्यांचा, तीन-चार व्यवस्थापक असलेला एखादा मध्यम सर्व्हर निवडून तिथे खाते घ्यावे आणि मित्राला, त्याच्या सर्व्हरवरच्या त्या वीस-पंचवीस लिहित्या माणसांना तिथूनच फॉलो करावे. त्यांची स्थानिक टाइमलाइन आपल्याला दिसणार नाही, काही कोपऱ्यातली संभाषणे निसटतील. पण बोलणे होत राहील, आणि मित्राने कधी दुसरा व्यवस्थापक नेमला तर खाते तिकडे हलवायला दहा मिनिटे पुरतात.